शेपटी नसलेलं अर्धवर्तुळ: कॅथोडची वाहकता मोजायला बसणाऱ्यांसाठी

लिथियम-आयन बॅटरीच्या कॅथोडवर (धन टोकाच्या पदार्थावर) पीएचडी नुकतीच सुरू केलेलं कोणी भेटलं की मी आधी एकच विचारतो: पेलेटच्या, म्हणजे भुकटी दाबून केलेल्या चकतीच्या, दोन्ही बाजूंना काय लावणार आहेस? बहुतेक वेळा उत्तर येतं, सोनं नाहीतर सिल्व्हर पेस्ट. मग विचारतो, त्यातून आयनिक वाहकता, म्हणजे आयन किती सहज वाहतात ते, काढणार का? ‘हो’ ऐकलं की पोटात गोळा येतो. मी अगदी तेच केलं होतं आणि त्यात माझे अकरा महिने गेले.

मूळ गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. कॅथोडच्या कणात लिथियम आयन आणि इलेक्ट्रॉन दोघांनाही ये-जा करावी लागते. एक अडला की दुसऱ्याच्या वेगाचा उपयोग नाही. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडमधून थोडं लिथियम निघालं की ते धातूसारखं वागू लागतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची इलेक्ट्रॉनिक वाहकता मात्र साध्या तापमानाला एक अब्जांश सीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या आसपास, आणि लिथियमला धावायला एकाच दिशेचे बोगदे. त्या बोगद्यात एखादा लोहाचा अणू चुकीच्या जागी बसला की वाट बंद. म्हणून तर कण बारीक करतात, कार्बनचा लेप देतात. हे सगळं वाचून येतं. मोजमाप वाचून येत नाही.

माझा पदार्थ मँगनीज स्पिनेल, म्हणजे लिथियम मँगनीज ऑक्साइड. १० मिमी व्यासाचा, १ मिमी जाडीचा पेलेट, दोन्ही बाजूंना सोन्याचा थर. इम्पिडन्स, म्हणजे वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीच्या एसी व्होल्टेजला होणारा विरोध, मोजला तर आलेखावर इतकं सुबक अर्धवर्तुळ आलं की मी त्याचा प्रिंट टेबलासमोर लावला होता. सॉफ्टवेअरनं सांगितलं, रोध १२,५०० ओहम. जाडीला रोध आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकारानं भागायचं. उत्तर साधारण एक लाखांश सीमेन्स प्रति सेंटीमीटर. वर मथळा दिला ‘आयनिक वाहकता’. तशा आठ नमुन्यांचा तक्ता झाला.

एका सादरीकरणात दुसऱ्या विभागातल्या प्राध्यापिकांनी आलेख पाहून विचारलं, “शेपटी कुठे आहे?” मला प्रश्नच कळला नाही.

आता हे सावकाश वाचा, कारण इथेच सगळे घसरतात. सोनं म्हणजे लिथियमसाठी बंद दार आणि इलेक्ट्रॉनसाठी उघडं दार. पदार्थातून फक्त आयन वाहत असतील, तर फ्रीक्वेन्सी कमी केल्यावर ते सोन्यापाशी येऊन साचतात, पलीकडे जाऊ शकत नाहीत, आणि आलेखाची रेघ अर्धवर्तुळानंतर वर उसळते. तीच शेपटी. माझं अर्धवर्तुळ गुमान खाली येऊन आडव्या अक्षावर टेकलं होतं आणि तिथेच बसलं होतं. मिलिहर्ट्झपर्यंत गेलो तरी बिंदूवर बिंदू पडत राहिले. याचा अर्थ डीसी (एकाच दिशेचा) प्रवाह आरपार जात होता. सोन्यातून आरपार कोण जाऊ शकतं? फक्त इलेक्ट्रॉन. म्हणजे अकरा महिने मी इलेक्ट्रॉन मोजत होतो आणि त्यांना आयन म्हणत होतो.

खात्री करायला पेलेटवर ५० मिलिव्होल्ट लावून रात्रभर ठेवले. संध्याकाळी प्रवाह ४ मायक्रोअँपिअर, सकाळीही ४. आयनांचा असता तर उतरत उतरत शून्याकडे गेला असता. ही चाचणी कोणत्याही पोटेन्शिओस्टॅटवर (ठरावीक व्होल्टेज लावून प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) होते. पहिल्याच आठवड्यात करा. नंतर नाही, पहिल्याच आठवड्यात.

त्यात आणखी एक. अर्धवर्तुळाचा माथा १२.७ किलोहर्ट्झला होता. त्यावरून धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) काढली तर सुमारे १ नॅनोफॅरड येते. कणाच्या आतल्या भागाची धारिता पिकोफॅरडमध्ये असते. नॅनोफॅरड म्हणजे कणांमधल्या सीमा. तेव्हा ते अर्धवर्तुळ स्पिनेलच्या गाभ्याचं तरी कुठे होतं? फिट, म्हणजे सॉफ्टवेअरनं बिंदूंवर बसवलेली रेघ, सुंदर बसला म्हणून अर्थ बरोबर ठरत नाही. सॉफ्टवेअरचं ‘ऑटो फिट’ बटण नवख्यांच्या मशीनवरून काढूनच टाकावं, असं माझं ठाम मत आहे. आधी हातानं धारिता काढा.

मग कोणी सांगेल, एकूण वाहकतेतून इलेक्ट्रॉनिक वजा कर. आयनिक आणि इलेक्ट्रॉनिक वाहकता जवळपास सारख्या असतील तर करा. कॅथोडमध्ये बहुधा इलेक्ट्रॉनचा वाटा कितीतरी पट मोठा असतो, आणि आयनांचा आकडा मोजमापाच्या चुकीतच बुडून जातो. दार उलटं हवं: इलेक्ट्रॉनला बंद, लिथियमला उघडं. मी पेलेटच्या दोन्ही बाजूंना पॉलिमर इलेक्ट्रोलाइटचा पातळ पडदा आणि त्यापलीकडे लिथियम धातू लावला, सेल ७० अंश सेल्सिअसला ठेवला. पेलेट न घालता पडद्यांचा आणि संपर्काचा रोध वेगळा मोजला, तो वजा केला. उरलेली वाहकता माझ्या जुन्या तक्त्यातल्या आकड्यापेक्षा कितीतरी पटींनी कमी निघाली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पण घाबरू नका. हा विषय भल्याभल्यांना चकवतो. २००२ मध्ये संशोधक येट-मिंग चियांग यांच्या गटानं दाखवलं की जरासं डोपिंग केल्यावर (परके अणू मिसळल्यावर) लिथियम आयर्न फॉस्फेटची वाहकता सुमारे दहा कोटी पटींनी वाढते. त्यावर वाद झाला, आणि २००४ मध्ये दुसऱ्या संशोधक लिंडा नझर यांच्या गटानं कणांच्या सीमांवर धातूसारख्या फॉस्फाइडचं जाळं दाखवलं. पदार्थाच्या आतून वाहतंय की त्याच्या अंगावरून, हा प्रश्न जगातल्या उत्तम प्रयोगशाळांनाही पडला होता. तुम्ही कच्चा माल म्हणून वापरलेल्या लोह ऑक्झलेटमधून राहिलेला किंचित कार्बनही असाच फसवू शकतो. भट्टीतून काढलेल्या प्रत्येक नमुन्यातला कार्बन मोजून घ्या.

मार्गदर्शकाबद्दल स्पष्टच लिहितो. मोठं नाव पाहून जाऊ नका. जो मूळ फाइल उघडायला लावतो, ‘फिट नको, कच्चे बिंदू दाखव’ म्हणतो, त्याच्याकडे जा. माझे मार्गदर्शक भले माणूस होते, पण त्यांनी फक्त तक्ते पाहिले. दोष त्यांचा एकट्याचा नाही; मी तक्तेच दाखवले.

शेवटी पेलेटच्या कडेबद्दल. सोनं किंवा पेस्ट कडेवरून ओघळली, तर दोन्ही बाजू जोडल्या जातात आणि वाहकता उगाच छान दिसते. पॉलिमरचा पडदा पेलेटपेक्षा लहान कापला, तर लिथियम धातू थेट कडेला टेकतो, आत शिरतो आणि तुमचा पदार्थ मोजण्याआधीच वेगळा होऊन बसतो. पडदा २ मिमी मोठा कापा. सोनं चढवल्यावर कडेवरून बारीक पॉलिश पेपर फिरवा, भिंगातून पाहा आणि मगच होल्डरमध्ये ठेवा.