जुन्या अंकांचं डिजिटल कलेक्शन टाकताय? मग त्याचं पहिलं पान असं करा

जुनी मासिकं, दिवाळी अंक स्कॅन करून वेबसाइटवर टाकायचं काम आता छोटी छोटी वाचनालयंही करायला लागलीत, बघून खरंच बरं वाटतं. पण होतं काय, स्कॅनिंगला दोन वर्षं जातात आणि वाचक ज्या पानावर येऊन पोचणार ते लँडिंग पेज मात्र उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात घाईघाईत उरकलं जातं. मी अशा दोन-तीन कामांत हात घातलाय, चुकाही केल्यात, त्यातून जे कळलं ते लिहिते.

सगळ्यात मोठी चूक मला एका काकांमुळे कळली. वाचनालयात काउंटरपाशी मोबाइल घेऊन बसले होते, मी विचारलं, काका काय शोधताय, तर म्हणाले, "अगं माझ्या आईची कविता छापून आली होती, त्रेपन्न सालच्या दिवाळी अंकात, मासिकाचं नाव माहितीय पण इथे काही सापडत नाही." मी त्यांच्या फोनवर आमचंच पान बघितलं. वर इमारतीचा मोठा फोटो, खाली संस्थेचा इतिहास, तो संपेपर्यंत बोटाने वर सरकवत राहायचं आणि मग कुठे सर्चची पट्टी. त्यांनी "दिवाळी अंक १९५३" टाकलं होतं, उत्तर शून्य. अंक तर होता! पण माहिती भरताना आम्ही मुखपृष्ठावर होतं तसंच उतरवलेलं, "वर्ष २७ वें, अंक ११ वा", साल आणि महिना कुठेच नाही. एकेक फाइल उघडत शेवटी तो अंक मिळाला, मग काकांनी दोन बोटांनी पान मोठं करून कविता वाचली, पुन्हा वाचली, आणि मग घरी बहिणीला फोन लावला. तेव्हापासून मी पान करायला बसले की आधी हेच विचारते की हे काका एकटे घरी बसून तिथपर्यंत पोचले असते का.

तर सगळ्यात वर, फोनच्या पहिल्या स्क्रीनवर, फक्त तीन गोष्टी हव्यात: काय आहे, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत आणि किती, आणि वाचायला काय करावं लागेल. म्हणजे उदाहरणार्थ "१९०९ ते १९६० मधले ४१२ दिवाळी अंक. बरेचसे इथेच मोफत वाचा, लॉगिन लागत नाही; काही फक्त वाचनालयात." एवढंच. त्याखाली दोन ओळी की हे महत्त्वाचं का, जसं की मराठीतला पहिला दिवाळी अंक काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा काढला आणि तिथून ही परंपरा सुरू झाली, मग त्याला लागून एखादं सुंदर मुखपृष्ठ. संस्थेचा इतिहास, देणगीदारांची नावं हे सगळं मानाने द्यायचंच, पण "आमच्याविषयी"च्या पानावर.

मग येतं सालांचं. वाचकाला मासिकाचं कितवं वर्ष, कितवा अंक हे लक्षात नसतं, साल असतं, तेही बहुतेक वेळा "लग्नाच्या आधीचं", "पंचावन्न-छप्पन असेल" असं अंदाजे. म्हणून दशकांची बटणं द्या, दशक दाबलं की सालं, साल दाबलं की त्या वर्षाचे अंक मुखपृष्ठासकट. जुन्या अंकांवर नुसता शक असतो, तिथे माहिती भरतानाच इसवी सन काढून ठेवा. शकात ७८ मिळवायचे, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा अंक असेल तर ७९, इथे हमखास गडबड होते. शके १८३१ ची दिवाळी म्हणजे १९०९ ची. पानावर दोन्ही दाखवा, अभ्यासकांना शक लागतोच.

सर्चबद्दल जरा सविस्तर सांगते कारण मराठीत खरी अडचण इथेच आहे. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले, त्याच्या आधीच्या छपाईत "कांहीं", "नाहीं", "घरांत" असं असतं आणि आजचा माणूस "काही", "नाही", "घरात" टाइप करतो, मग सापडणार कसं? दुसरं म्हणजे "दुसऱ्या"मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, एक खाली टिंब असलेल्या ऱ चा आणि एक साध्या र ला हलन्त देऊन मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून, डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात पण कॉम्प्युटरसाठी ते दोन वेगळे शब्द. हे दोन्ही डेव्हलपरला आधीच सांगा, सर्चमध्ये समान शब्दांची यादी देता येते. डीस्पेस (असे डिजिटल संग्रह ठेवायचं मोफत सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्याचं सर्च सोलर नावाच्या सर्च इंजिनवर चालतं आणि त्यात ही सोय आहे. आणि कितीही केलं तरी जुन्या खिळ्यांच्या छपाईचं ओसीआर (म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखून कॉम्प्युटरने केलेला मजकूर) चुकतंच, शिळाछापाचं तर विचारूच नका. म्हणून सर्चच्या पट्टीखाली स्पष्ट लिहा: "इथे सापडलं नाही म्हणजे अंकात नाही असं नाही, सालानुसार उघडून बघा." ही एक ओळ खूप लोकांना परत जाण्यापासून थांबवते.

डीस्पेसचंच अजून एक, त्यात कम्युनिटी, कलेक्शन असले शब्द जसेच्या तसे मेनूत येतात. वाचकाला त्याचं काय? "मासिकं", "वर्षानुसार बघा", "अंक उघडा" असे शब्द बसवून घ्या, लेबलं बदलता येतात.

हक्कांबद्दल एक ओळ हवीच. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, तो मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. मासिकात प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा, म्हणजे अंक जुना आहे म्हणून सगळं मोकळं असं होत नाही. आचार्य अत्रे १९६९ ला गेले, त्यांचं लेखन २०३० उजाडल्यावरच मोकळं होईल, वि. स. खांडेकर १९७६ ला गेले, त्यांचं २०३७ ला. तेव्हा "सर्व हक्क राखीव" किंवा "सगळं फ्री" असं सरसकट ठोकून देऊ नका, काय डाउनलोड करता येईल आणि काय फक्त वाचनालयात येऊन बघता येईल ते साध्या मराठीत सांगा.

फोनचा विचार सतत ठेवा. मुखपृष्ठाची छोटी चित्रं वेगळी बनवा, मूळ स्कॅन तिथे लावलात तर पान उघडायच्या आधीच माणूस कंटाळून जाईल. पीडीएफच्या बटणावर साइज लिहा, "६० पानं, ३८ एमबी" असं. लिंकमध्ये देवनागरी टाकू नका, व्हॉट्सॲपवर पेस्ट केली की तिची टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक शेपटी होते आणि लोकांना ती व्हायरसची लिंक वाटते. लिंक पाठवल्यावर मुखपृष्ठ आणि नाव दिसेल अशी सेटिंग करून घ्या कारण आपल्या लोकांत हे सगळं फॅमिली ग्रुपवरूनच पसरतं. आणि पानाची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून नोंदवा, नाहीतर काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात आणि स्क्रीन रीडरही (न दिसणाऱ्यांना पान वाचून दाखवणारा प्रोग्राम) मराठी हिंदीसारखं वाचू शकतो.

अजून एक लक्षात घ्या, गूगलवरून येणारा माणूस तुमच्या पहिल्या पानावर येतच नाही, थेट एखाद्या अंकाच्या पानावर किंवा पीडीएफवर पडतो. म्हणून प्रत्येक अंकाच्या पानावर मासिकाचं नाव, महिना, साल, मागचा अंक, पुढचा अंक, आणि पूर्ण संग्रहाची लिंक ठेवा, पीडीएफच्या सुरुवातीलाही वाचनालयाच्या नावाचं आणि लिंकचं एक पान जोडा.

आणि जे अंक नाहीत त्यांची यादी लपवू नका, उलट पहिल्या पानावरून तिथे जायला बटण द्या. "आमच्याकडे नसलेले अंक" असं सरळ नाव, सालं, महिने, आणि खाली चालू असलेला फोन नंबर आणि वेळ. कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत ते असतात, लोकांना फक्त माहीत नसतं की ते कुणाला हवेत.