होस्ट्सची यादी स्क्विडच्या गळी उतरवताना

आमच्या कराडच्या अभ्यासिकेत अकरा कॉम्प्युटर आणि नेटचं कनेक्शन एकच. संध्याकाळी पोरं सराव पेपर सोडवायला बसली की जाहिरातींचे व्हिडिओच नेट गिळायचे. म्हणून कोपऱ्यातल्या जुन्या डबड्यावर स्क्विड बसवला, म्हणजे सगळ्यांच्या नेटच्या मागण्या मध्ये थांबवून पुढे पाठवणारा किंवा अडवणारा प्रॉक्सी प्रोग्राम, आणि सगळ्या ब्राउझरना ३१२८ नंबरचा पोर्ट दिला. पण जाहिरातींच्या डोमेनच्या तयार याद्या स्क्विडला जशाच्या तशा चालत नाहीत.

होस्ट्स प्रकारच्या यादीत प्रत्येक ओळीत आधी ०.०.०.० किंवा १२७.०.०.१ असतं, मग डोमेन. ऑक (ओळींतले रकाने वेगळे करणारी लिनक्सची कमांड) वापरून फक्त दुसरा रकाना उचला. हॅशपासून पुढची टिपणं टाकून द्या आणि विंडोजवाल्या फाइलच्या ओळीअखेरचं न दिसणारं कॅरेज रिटर्नही पुसा. लोकलहोस्ट, ब्रॉडकास्टहोस्ट आणि नुसते आकडे असलेल्या ओळी वगळायला विसरू नका. ॲडब्लॉक पद्धतीची यादी असेल तर दोन उभ्या रेघांनी सुरू होऊन लगेच डोमेन आणि टोपीच्या चिन्हावर (^) संपणाऱ्या ओळीच घ्या. दोन हॅशवाल्या ओळी पानातला तुकडा लपवण्यासाठी असतात, प्रॉक्सीला त्यांचा काही उपयोग नाही.

आता डोमेनच्या आधी टिंब द्यायचं. टिंब दिलं की सबडोमेनही, म्हणजे त्या डोमेनखालची नावंही अडतात, नाही दिलं तर तेवढंच नाव. मी देते. पण मग ‘.उदाहरण.कॉम’ आणि ‘.ॲड.उदाहरण.कॉम’ दोन्ही यादीत राहिले की स्क्विड कुरकुरतो, कधी सुरूच व्हायला नकार देतो. पोटातली नावं काढावी लागतात.

त्याची युक्ती अशी: टिंबासकट प्रत्येक ओळ रेव्ह कमांडने उलटी करा, सॉर्ट करा, आणि आधी ठेवलेल्या ओळीनेच जी ओळ सुरू होते ती ऑकने टाकून द्या. शेवटी पुन्हा उलटी. टिंब उलटण्याआधीच हवं. नाहीतर नावात आडवी रेघ असलेलं डोमेन मध्ये घुसतं आणि तुलना चुकते. माझी एक अख्खी संध्याकाळ मात्र सॉर्टने खाल्ली. मशीनची भाषा इंग्रजी-भारत होती आणि त्या सेटिंगमध्ये सॉर्ट टिंबांकडे नीट बघतच नव्हता. भाषा ठरवणाऱ्या एलसी-ऑल या सेटिंगची किंमत ‘सी’ केली आणि यादी सरळ झाली.

फाइल स्क्विडच्या एसीएलमध्ये (कोणाला अडवायचं, कोणाला सोडायचं ते ठरवण्यासाठीची यादी) ‘डीएसटीडोमेन’ म्हणून द्या, नाव अवतरणचिन्हांत, म्हणजे स्क्विड त्याला फाइल समजतो. आधी सेटिंग तपासणारं ‘स्क्विड के पार्स’ चालवा, चूक नसेल तरच ते लागू करणारं ‘के रीकॉन्फिगर’.

एचटीटीपीएसच्या पानाचा आतला पत्ता प्रॉक्सीला दिसत नाही, फक्त डोमेन दिसतं. म्हणून डोमेनच्या याद्या इथे शोभतात. अडवलेल्या जागी आपला संदेश दिसेल असं मात्र समजू नका. ब्राउझर नुसतं प्रॉक्सीने नाकारलं म्हणतो.

माफीची, म्हणजे यादीत असली तरी अडवायची नाहीत अशा नावांची, वेगळी फाइल पहिल्या दिवसापासून ठेवा. एका पोराचा परीक्षेचा फॉर्म फी भरताना अडकला, कारण त्या पानाला लागणारं एक नाव यादीत होतं. माफीला ‘अलाऊ’ (परवानगी) देऊन नियमांत सगळ्यात वर ठेवू नका. तो नियम पहिला लागला तर आत कोण येतंय हे तपासलंच जात नाही. जाहिरातींच्या ‘डिनाय’ (नकार) ओळीतच माफीच्या एसीएलआधी उद्गारचिन्ह लावा, म्हणजे ‘ही नावं सोडून’. आमच्या माफीत सध्या सहा नावं आहेत, त्यातली दोन शाईच्या पेनाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली, कारण ती मला सांगितली तेव्हा लाइट गेली होती.