जुनं ट्विन इंजिन बांधायला घेताना: आधी तेलाची वाट

एडवर्ड टर्नरची ट्रायम्फ ‘स्पीड ट्विन’ 1937 साली आली आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं ब्रिटिश मोटरसायकलचा साचाच ठरून गेला. दोन सिलिंडर शेजारी शेजारी, दोन्ही पिस्टन एकदम वर, एकदम खाली, आणि क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) दर फेऱ्याला आलटून पालटून एकेक स्फोट. महायुद्धानंतर बीएसए, नॉर्टन, मॅचलेस सगळ्यांनी हीच मांडणी उचलली. पुढे लिहिलंय ते 1963 नंतरच्या ट्रायम्फ 650 (सीसी) बद्दल, म्हणजे ज्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये, म्हणजे धातूच्या कवचात आहेत. इतर ट्विनला आकडे बदलतील, कामाचा क्रम फारसा बदलणार नाही.

असं इंजिन हाती आलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘750 सीसी करता येईल का?’ येतं. पण मी आजवर उघडलेली मेलेली इंजिनं जवळजवळ सगळी तेलावाचून मेलेली होती. म्हणून ताकदीचा विषय मी शेवटी घेतो.

खोलणं

आधी पाने बघा. साठच्या दशकातल्या इंजिनांवर सायकल थ्रेडचे आणि व्हिटवर्थ मापाचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापांचे नट आहेत. दशकाच्या शेवटाकडे युनिफाइड आटे आले, आणि काही इंजिनांवर दोन्ही भेटतात. मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो. त्या मापाचे सॉकेट मिळेपर्यंत काम सुरूच करू नका.

तीन मोठे नट इंजिन फ्रेममध्ये असतानाच सैल करा: क्लच हबचा, अल्टरनेटर रोटरचा आणि क्रँकच्या छोट्या गिअरचा. वरचा गिअर टाका, कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पाना मारा. क्लचला हात लावण्याआधी क्रँकचे नट उरकायचे, कारण क्लच निघाला की इंजिन धरून ठेवायला काही उरत नाही. उजव्या कव्हरखाली कॅमच्या दोन्ही गिअरचे नट उलट्या आट्याचे आहेत, ते घड्याळाच्या दिशेने सुटतात. ही एक गोष्ट विसरून लोकांनी कॅमशाफ्टचे आटे घालवलेत. क्रँकचा गिअर आणि क्लच हब पुलरनेच काढायचे. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका.

हेडला नऊ बोल्ट आहेत. इंजिन पूर्ण थंड असताना, सगळे थोडे थोडे करत ढिले करा, नाहीतर हेड वाकतं. मग बॅरल उचलायचं, आणि इथे थांबायचं. टॅपेट (कॅम ज्यांना वर ढकलतो ते दांडे) बॅरलच्या खालच्या भागात नुसते लोंबकळत असतात. बॅरल वर आलं की ते थेट क्रँककेसमध्ये पडतात. दोन टॅपेटच्या मध्ये रबराचा तुकडा दाबून बसवा आणि मगच बॅरल वर घ्या. पिस्टनच्या सर्क्लिप (पिन अडवणाऱ्या तारेच्या कड्या) काढण्याआधी केसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. उडालेली सर्क्लिप नेमकी तिथेच जाते.

केसचे दोन अर्धे कारखान्यात जोडीने मशीन केलेले असतात आणि दोघांवर एकच नंबर ठोकलेला असतो. नंबर वेगळे असतील तर कधीतरी एक अर्धा बदललाय असं समजा आणि बेअरिंगच्या जागा एका रेषेत आहेत का ते तपासून घ्या. बेअरिंग काढताना केस 100 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला की बेअरिंग स्वतःच्या वजनाने घरंगळतं. हातोड्याची गरज पडली तर केस पुरेसा तापलेला नाही.

गाळनळी

या इंजिनाला कागदी तेल फिल्टर नाही, फक्त टाकीत आणि खाली जाळ्या आहेत. बारीक कचरा अडवायचं काम क्रँकच्या आतच होतं. क्रँकपिन पोकळ आहे आणि त्यात एक नळी बसवलेली आहे. क्रँक फिरतो तसं जड कण बाहेरच्या बाजूला फेकले जातात, नळीत चिकटून राहतात आणि बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, स्वच्छ तेल जातं. युक्ती चांगली आहे, पण नळीला पोट आहे आणि ते भरतं. भरलं की तेलाची भोकं बुजतात आणि बिग एंडचे शेल (पातळ बेअरिंगचे पत्रे) कोरडे घासू लागतात.

म्हणून क्रँक बाहेर आला आणि ही नळी साफ न करता परत बसवला, तर सगळा खटाटोप वाया. फ्लायव्हील तीन बोल्टांनी क्रँकवर बसवलेलं आहे. त्यातल्या एकाचं टोक आत जाऊन नळीला धरून ठेवतं, तो बोल्ट आधी काढायचा. मग क्रँकच्या गालातला आट्याचा प्लग. तो पंच मारून पक्का केलेला असतो आणि पन्नास वर्षांत हललेला नसतो. पंचाची खूण ड्रिलने हलकेच उडवा, प्लगभोवती उष्णता द्या, इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. तरी नाही सुटला तर प्लग ड्रिल करून काढायचा, नवा मिळतो.

माझ्या पहिल्या क्रँकमधली नळी ओढून काढायला मला एक अख्खी दुपार लागली. बाहेर आली तेव्हा ती नळी आहे हे कळतही नव्हतं. आत करड्या रंगाचा, मेणासारखा दाबून बसलेला गोळा होता. नखाने ओरखडा काढला तर आत धातूची चमक दिसली. तेल जायला शिल्लक होती ती जेमतेम काडी जाईल एवढी वाट. ते इंजिन मला विकणाऱ्याने ‘नुकतंच बांधलंय’ असं सांगितलं होतं. रिंगा खरोखर नव्या होत्या.

नळी परत घालताना तिचं भोक बोल्टच्या भोकासमोर आलंच पाहिजे. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घ्या, आट्यांना लॉकिंग द्रव लावा आणि मॅन्युअलच्या टॉर्कवर घट्ट करा. प्लगला पुन्हा पंच मारायला विसरू नका.

मापं

बिग एंडच्या पिनचं मूळ माप 1.6235 ते 1.6240 इंच, म्हणजे साधारण 41.24 ते 41.25 मिमी. मायक्रोमीटर पिनवर दोन दिशांनी धरा, कारण पिन बहुधा लांबट गोल झालेली असते. ग्राइंड करायची वेळ आली तर 10, 20 आणि 30 थाऊ अंडरसाइज शेल मिळतात (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). शेल आधी हातात घ्यायचे, पिन नंतर ग्राइंड करायची. ग्राइंडिंगवाल्याला कोपऱ्यातली गोलाई जपायला सांगा, तिथे धार राहिली की क्रँक तिथूनच तडकतो. जोडताना रॉड आणि पिनमध्ये अर्धा ते दोन थाऊ मोकळीक हवी.

बॅरलचं उलट आहे असं वाटतं, पण नियम तोच: ओव्हरसाइज पिस्टन आधी विकत घ्या, मग बॅरल त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्या. रिंग एकटी बोअरमध्ये ढकलून टोकांमधली फट फीलर गेजने मोजा: 10 ते 14 थाऊ. कमी असेल तर टोक कानशीने तासा. बिनशिशाच्या पेट्रोलसाठी एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या बसवून घेतलेल्या बऱ्या.

साफसफाई आणि माझी चूक

क्रँककेस चकचकीत दिसावेत म्हणून मी एकदा ते काचेच्या मण्यांनी ब्लास्ट करून आणले. धुतले, वाळवले, बांधले. दीडशे किलोमीटरवर खालून आवाज यायला लागला. उघडून बघितलं तर तेलाच्या वाटेत बारीक मणी अडकलेले, आणि शेलवर नांगरल्यासारख्या रेघा. ब्लास्ट करणाऱ्याचा दोष नाही, वाटा बुजवून द्यायचं काम माझं होतं. आता मी ब्लास्टिंग करतच नाही. रॉकेल, ब्रश, गरम साबणाचं पाणी, मग प्रत्येक भोकातून दाबाची हवा. प्रत्येक भोकात पातळ तारेचा ब्रश जाऊन दुसरीकडून निघाला पाहिजे.

केसच्या दोन अर्ध्यांमध्ये गॅस्केट नसतं, सीलंट लावतात. त्याचा अगदी पातळ थर द्या. आत ओघळलेला सिलिकॉनचा तुकडा सुटतो आणि पंपापर्यंत पोचतो.

बदल कोणते करावेत

तेलाच्या फिल्टरपासून सुरुवात करा. टाकीकडे परत जाणाऱ्या नळीवर कार्ट्रिजचा फिल्टर बसवा, पंपाकडे येणाऱ्या नळीवर कधीच नाही, कारण पंपाला तेल नुसतं उतारावरून येतं आणि तिथे अडथळा चालत नाही. फिल्टर बसला की गाळनळीचा भार पुष्कळ कमी होतो. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की टाकीतलं तेल पंपाच्या झडपेच्या गोळीखालून झिरपत केसमध्ये उतरतं. त्यावर उपाय म्हणून काही जण नळीवर हाताने बंद करायचा कॉक बसवतात. मी बसवत नाही. एकदा उघडायला विसरलं की इंजिन गेलं. पंप काढून गोळ्या आणि त्यांच्या बैठकी साफ केल्या की झिरपणं बरंच कमी होतं.

दुसरा बदल इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पॉइंटची (ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या संपर्काची) 15 थाऊची फट दर काही दिवसांनी बघायची कटकट जाते, आणि दोन्ही सिलिंडरचं टायमिंग सारखं राहतं.

आता 750. मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) 71 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 82, दोन्ही सिलिंडर मिळून 649 सीसी. बोअर 76 केला की 744 सीसी होतात. हेच माप ट्रायम्फने स्वतः 1973 मध्ये वापरलं. किट घ्या, पण नव्या पिस्टनचं वजन जुन्याशी ताडून बघा. दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली होत असल्याने हे इंजिन कंपनाच्या बाबतीत मोठ्या सिंगलसारखं वागतं. क्रँकवरचं वजन त्यातला काही भागच तोलतं, 650 ला हा वाटा 85 टक्के धरतात. पिस्टन बदलले आणि क्रँक पुन्हा बॅलन्स केला नाही, तर हँडल मुंग्या आणतं आणि टाकीच्या ब्रॅकेटला तडे जातात. कॉम्प्रेशन 9 च्या वर नेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. किकही जड होते.

जोडणी

उजव्या कव्हरमध्ये क्रँकच्या टोकाला एक छोटं ऑइल सील आहे. तेल याच सीलमधून क्रँकमध्ये शिरतं, म्हणजे गाळनळी, शेल सगळं याच्यावर अवलंबून. दरवेळी नवं घाला. त्याचा ओठ दाबाच्या तेलाकडे तोंड करून राहिला पाहिजे, आणि कव्हर बसवताना तो मुडपला जात नाही ना ते बोटाने तेल लावून बघा. रॉडच्या कॅप एकमेकांत बदलू देऊ नका, नट नवे वापरा. टायमिंग गिअरच्या खुणा जुळवल्या तरी डिग्री डिस्क (अंश मोजायची चकती) लावून एकदा तपासाच. कॅमच्या गिअरला चावीसाठी तीन खाचा आहेत, आणि चुकीची खाच पकडणं सोपं आहे.

टॅपेट सेट करताना एक सोय वापरा. डावा इनलेट पूर्ण उघडा असतो तेव्हा उजवा इनलेट नेमका कॅमच्या पाठीवर टेकलेला असतो. एक पूर्ण दाबून दुसऱ्याची फट बघायची. बॉनव्हिलला (याच 650 चं एक मॉडेल) थंड इंजिनावर इनलेट 2 थाऊ, एक्झॉस्ट 4 थाऊ. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या 650 चं इग्निशन पूर्ण पुढे गेल्यावर पिस्टन वर पोचायच्या 38 अंश आधी. डिग्री डिस्कने बघा आणि नंतर स्ट्रोब लाइटने पक्कं करा.

पहिली किक

प्लग काढून ठेवा. केसमध्ये प्लास्टिकच्या लहान पेल्याएवढं तेल ओता, रॉकर बॉक्समध्येही थोडं, आणि टाकी भरा. आता किक मारत राहा. टाकीचं झाकण उघडं ठेवून आत टॉर्चने बघा. परतीच्या नळीतून आधी फुस्स हवा, मग थुंकल्यासारखे थेंब, मग धार येते. ती आली नाही तोवर प्लग लावायचे नाहीत, मग पाय कितीही दुखो.

सुरू झाल्यावर नुसतं उभं ठेवून तापवत बसू नका, रिंगा बसत नाहीत. चालवा, थ्रॉटल कमी-जास्त करत, चढावर वरच्या गिअरमध्ये घुसमटवू नका. ऐंशी किलोमीटरनंतर इंजिन रात्रभर थंड होऊ द्या आणि हेडचे बोल्ट व टॅपेट पुन्हा तपासा. अडीचशे किलोमीटरवर तेल पांढऱ्या भांड्यात काढा. करडी धूळ दिसली तर नव्या रिंगा घासल्या आहेत. चमकणारे चपटे तुकडे दिसले तर उजवं कव्हर पुन्हा उघडा आणि त्या छोट्या सीलपासून सुरुवात करा.