बागेतल्या मचाणाला घसरगुंडी जोडण्याआधी

मचाणाची उंची मोजायला टेप हातात घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा: खाली जमिनीवर काय पसरणार आहात? घसरगुंड्या मचाणाच्या उंचीप्रमाणे मिळतात, आणि ही उंची धरायची ती भर घातल्यानंतरच्या जमिनीपासून. आजच्या मातीपासून मोजून घसरगुंडी आणली, बसवली आणि नंतर खाली जाड थर ओतला, तर तिचं टोक त्या थरात गाडलं जातं. वेगाने खाली येणाऱ्या मुलाचे पाय मग तिथेच रुततात. म्हणून आधी जमीन, मग माप, मग खरेदी.

काँक्रीट, फरशी किंवा डांबर खाली असेल तर घसरगुंडी तिथे नकोच. हिरवळीवरही विसंबू नका. टोकाशी, नेमके जिथे पाय टेकतात, तिथलं गवत सगळ्यात आधी उडतं आणि खालची माती तुडवून दगडासारखी होते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या खेळमैदानांवरील पुस्तिकेत मल्च म्हणून मिळणाऱ्या बारीक लाकडाचा 9 इंचांचा थर 7 फूट उंचीपर्यंत पुरेसा मानला आहे. वाळूचा तेवढाच थर फक्त 4 फुटांपर्यंत. हे 9 इंच दबल्यानंतरचे आहेत. 12 इंच भरावेत, तेव्हा तेवढे उरतात. थर वाहून जाऊ नये म्हणून कडेने लाकडी चौकट घ्यावी लागेल, तेही सामान आत्ताच यादीत धरा. खणायचं असेल तर खालून पाण्याचा पाइप किंवा विजेची केबल गेलेली नाही याची खात्री करूनच कुदळ मारा.

आता जागा. 4 फुटी मचाणावरून 30 अंशांच्या उताराने उतरायला जमिनीवर साधारण 7 फूट लांबी लागते, शेवटचा आडवा भाग फूटभर, आणि टोकापुढे 6 फूट मोकळी जागा. म्हणजे मचाणाच्या कडेपासून 14 फूट. बाजूंनाही 6 फूट सोडा. कुंपण, झाड, बाकडं, वाफ्याची विटांची कड, यातलं काही या हद्दीत येता कामा नये. शेजारी झोका असेल तर घसरगुंडीचं तोंड त्याच्या वाटेत येत नाही ना, हे झोका प्रत्यक्ष हलवून बघा. जागा कमी पडत असेल तर उतार उभा करून भागवू नका, मचाणच ठेंगणं निवडा. दिशेचाही विचार याच वेळी करा. पत्रा तापतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गडद रंगाचं प्लास्टिकही लहान मुलाची कातडी भाजेल इतकं तापतं. सावली मिळाली तर उत्तम. नाहीतर उत्तर गोलार्धात घसरगुंडीचं तोंड उत्तरेला ठेवा.

मचाण स्वतः किती पक्कं आहे? खांब धरून जोरात हलवा. डुगडुगत असेल तर आधी खांब जमिनीत रोवून घ्या, कारण मुलं धावत येऊन घसरगुंडीवर बसतात आणि प्रत्येक धक्का त्या खांबांना बसतो. कठड्यातली मोकळी जागा घसरगुंडीने पूर्ण भरली पाहिजे. साडेतीन ते 9 इंचांची फट सगळ्यात घातक: त्यातून लहान मुलाचं अंग पार जातं आणि डोकं अडकतं. वर, जिथून मूल घसरायला निघतं तिथे, एक आडवी दांडी घाला, म्हणजे मुलाला उभ्याने निघता येत नाही, बसूनच निघावं लागतं.

हत्यारांचं फार सांगायला नको: ड्रिल, पाने, लेव्हल, सँडपेपर, आणि टोक धरायला दुसरा माणूस. खिळे घेऊ नका. गंज न धरणारे बोल्ट, रुंद वॉशर आणि नायलॉनची रिंग असलेले लॉक नट आणा. प्लास्टिक उन्हात वाढतं, थंडीत आकसतं. म्हणून त्यातलं भोक बोल्टपेक्षा किंचित मोठं ठेवा आणि बोल्ट चेपून आवळू नका, नाहीतर भोकापाशी तडा जातो. नटाबाहेर दोनपेक्षा जास्त आटे दिसत असतील तर बोल्ट लांब आहे, बदला. आवळण्याआधी घसरगुंडीवर लेव्हल आडवी ठेवा. एका बाजूला कलली असेल तर मूल त्याच काठाकडे फेकलं जाईल.

मुलांना चढू देण्याआधी दोन चाचण्यांची तयारी ठेवा. हातात जुना सुती मोजा घालून दोन्ही काठांवरून सावकाश फिरवा. धागा अडकेल तिथे कुसळ किंवा धार आहे, ती घासून काढा. मग दोरीच्या टोकाला घट्ट गाठ मारून ती घसरगुंडी आणि मचाण यांच्या सांध्यातून, बोल्टांच्या डोक्यांवरून, खालच्या दिशेने ओढा. ही चाचणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाठ जिथे अडकते तिथे टोपडं घातलेल्या जॅकेटची नाडीही अडकते, आणि तेव्हा मूल घसरत असतं, नाडी गळ्याशी असते. तो सांधा बुजेपर्यंत घसरगुंडी बंद ठेवा.

घरच्या मोठ्यांनाही आधीच सांगून ठेवा: स्कार्फ, नाडी, सायकलचं हेल्मेट काढल्याशिवाय वर चढवायचं नाही, आणि बाळाला मांडीवर घेऊन घसरायचं नाही. मोठ्यांना हे प्रेमाचं वाटतं, पण बाळाचा पाय काठाला अडकला की मागून मोठ्या माणसाचं वजन येतं आणि नडगीचं हाड मोडतं. एकटं घसरण्याएवढं मूल झालं नसेल तर त्याला थोडं थांबू द्या. फावडं मात्र अडगळीत टाकू नका, टोकाशी उडालेला थर सारखा ओढून पुन्हा भरावा लागतो.