व्हिपलचं (स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ काढायचं) ऑपरेशन ठरण्याआधी आणि झाल्यावर नातेवाइकांनी काय करायचं

नागपुरात धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात पोटाच्या सर्जरी वॉर्डात मी सिस्टर आहे. गडचिरोली, गोंदिया, छिंदवाड्याहून पेशंट येतात ते बरेचदा काविळीची माळ बांधून, झाडपाला पिऊन, महिना घालवून. पोट दुखत नाही, पण डोळे पिवळे, लघवी गडद, संडास पांढरट आणि अंगाला खाज असेल तर पित्ताची नळी अडलेली असू शकते. लगेच सोनोग्राफी करा.

स्वादुपिंडात गाठ दिसली की पॅनक्रियाज प्रोटोकॉल सीटी स्कॅन (खास स्वादुपिंड नीट दिसेल असा) करायचा, आणि शक्यतो स्टेंट, म्हणजे अडलेली पित्तनळी मोकळी ठेवणारी छोटी नळी, टाकायच्या आधी. स्टेंट पडल्यावर गाठीची कड नीट कळत नाही. थंडी वाजून ताप येत असेल तर मात्र स्टेंटला उशीर चालत नाही. रिपोर्टसोबत सीडी मागून घ्या; सर्जनला चित्रं स्वतः पाहायची असतात.

मग फाइल घेऊन रामदासपेठेत एकेका डॉक्टरकडे फिरत बसू नका. मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल असो, मिहानचं एम्स असो की जामठ्याचं कॅन्सर इन्स्टिट्यूट, एकच विचारा: आमची केस सर्जन, रेडिऑलॉजिस्ट, कॅन्सरचे आणि एंडोस्कोपीचे डॉक्टर एकत्र बसून पाहतील का? गाठीने आतड्याची मोठी रक्तवाहिनी घेरली असेल तर आधी केमो देतात, पुन्हा सीटी काढतात आणि मग ऑपरेशनचं ठरवतात. आधी केमो सांगितली म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असं समजून रडू नका. ही टीम वर्षाला अशी किती ऑपरेशनं करते, हेही बिनधास्त विचारा. प्रश्न रास्त आहे, कोणी रागावणार नाही.

व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि पित्तनळीचा भाग काढून नवे जोड घालतात. स्वादुपिंडाचा जोड सगळ्यात नाजूक. म्हणून साधारण तिसऱ्या दिवशी पोटातल्या नळीच्या पाण्यात अमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातलं एन्झाइम) किती आहे ते तपासतात, जोड गळतोय का ते कळायला. ते पाणी लाल किंवा एकदम गढूळ दिसलं तर राउंडची वाट पाहू नका, आम्हाला हाक मारा.

घरी गेल्यावर खरी परीक्षा जेवणाची. एक ताई म्हणाल्या, "सिस्टर, अन्न पचवायची एन्झाइमची गोळी रोज देते, तरी यांचं वजन उतरतंच आहे." विचारलं तर कळलं, सकाळी उपाशीपोटी एकच कॅप्सूल. ती अन्नात मिसळली तरच काम करते. पहिल्या घासासोबत द्या. जास्त सांगितल्या असतील तर उरलेल्या जेवताना मध्ये. चावू द्यायची नाही, गरम वरणात घालायची नाही. दुपारच्या पोह्यांबरोबर, दुधाबरोबरही लागते. संडास तेलकट, तरंगणारी, पाण्याने न जाणारी असेल तर डोस कमी पडतोय. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. सावजीची तर्री काही महिने बंद, दारू-तंबाखू कायमची बंद. साखर आधी नॉर्मल होती म्हणून गाफील राहू नका, ऑपरेशननंतर मधुमेह नव्याने सुरू होऊ शकतो. डिस्चार्जच्या कागदावर साखर तपासायची तारीख लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.