नृसिंहाच्या हाती तलवार? एआय चित्रांतील या चुका टाळा

वैशाख शुद्ध चतुर्दशीची नृसिंह जयंती जवळ आली की सांगलीत फ्लेक्स करून घेण्यासाठी मंडळांची मुले एआयने काढलेली चित्रे मोबाइलवर घेऊन येतात. डिझाइनचे काम करताना गेल्या वर्षी मीही असेच एक चित्र तयार केले होते. सोनेरी आयाळ, चिलखत आणि उगारलेली तलवार असे ते भरदार चित्र पाहून कृष्णाकाठचे एक वयस्कर गृहस्थ एवढेच म्हणाले, "अहो, तलवारीनं मरणार असता, तर देवानं एवढा खटाटोप कशाला केला असता?"

चूक माझीच होती. हिरण्यकशिपूला शस्त्राने, दिवसा किंवा रात्री, घरात किंवा बाहेर, जमिनीवर किंवा आकाशात, माणसाकडून किंवा पशूकडून मरण येणार नव्हते. म्हणूनच संध्याकाळ, उंबरठा, मांडी आणि नखे या चार गोष्टी चित्रात असाव्याच लागतात, आणि त्यांतली एक जरी सुटली तरी कथाच मोडते. मी प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे यंत्राला लिहून दिलेल्या सूचनेत, 'सिंहमुखी देव, उग्र रूप' एवढेच लिहिले होते. यंत्राने सिंहमुखी योद्ध्यांची असंख्य चित्रे पाहिलेली असल्यामुळे त्याने मला योद्धा दिला. त्यावर 'तलवार नको' असे लिहून पाहिले, तर तलवारी दोन झाल्या, कारण अशी यंत्रे बहुधा नाम पकडतात आणि नकार सोडून देतात. नको असलेल्या वस्तूंसाठी निगेटिव्ह प्रॉम्प्टचा वेगळा रकाना असेल तर तिथे ती वस्तू लिहावी. नसेल तर प्रत्येक हात काय करतो आहे ते सांगावे, म्हणजे 'पुढच्या दोन हातांची नखे पोटात रुतलेली, मागच्या दोन हातांत शंख आणि चक्र'.

हातांची संख्या हा दुसरा घोळ. वाळवा तालुक्यातील कोळे नरसिंहपूरची भुयारातील मूर्ती षोडशभुजा आहे, पण यंत्राकडे सोळा हात मागितले तर कधी अकरा येतात, कधी एकाच कोपरातून दोन मनगटे फुटतात. चार हातांचे चित्र नीट जमवून घ्यावे आणि उरलेले हात इनपेंटिंगने, म्हणजे चित्राचा निवडलेला भागच नव्याने काढून घेऊन, एकेक करून वाढवावेत. त्याहून बरे म्हणजे मूर्ती डोळ्यांनी पाहून कागदावर कच्चे रेखाटन करावे आणि तेच यंत्राला संदर्भ म्हणून द्यावे. गडांच्या दरवाजांवर कोरलेल्या शरभ या काल्पनिक पशूबाबतही हेच करावे. नुसत्या 'शरभ' या शब्दाने यंत्राला काही बोध होत नाही, म्हणून सिंहासारखे अंग आणि पंजाखाली दाबलेला हत्ती असे वर्णन करून सोबत शिल्पाचा फोटो जोडावा.

मात्र जादा अवयव दिसला की तो खोडायचाच, अशी सवय लागू देऊ नये. प्राचीन मेसोपोटेमियातील अश्शूरच्या राजवाड्यांच्या दारांतील लामासू, म्हणजे माणसाचे डोके आणि पंख असलेला बैल किंवा सिंह, पुष्कळदा पाच पायांचाच घडवलेला असतो. समोरून पाहणाऱ्याला दोन पाय उभे दिसावेत आणि बाजूने पाहणाऱ्याला चार पाय चालताना दिसावेत, ही त्या शिल्पकारांची युक्ती होती. पाचवा पाय एआयची चूक समजून मी एकदा पुसला होता आणि नंतर मुकाट्याने परत जोडला.

इजिप्तच्या सेखमेट देवीचे डोके सिंहिणीचे आणि शरीर स्त्रीचे असते, शिवाय डोक्यावर सूर्यबिंब आणि नाग असतो; यंत्र तिला नराची झुबकेदार आयाळ देते, म्हणून 'सिंहीण' हा शब्द आधी लिहावा. इजिप्तमधीलच गिझाच्या स्फिंक्सला, म्हणजे माणसाचे डोके आणि सिंहाचे शरीर असलेल्या शिल्पाला, पंख नाहीत. पंख आणि स्त्रीमुख ग्रीक स्फिंक्सला असतात.

शेवटी छपाई. १०२४ पिक्सेल रुंदीचे चित्र १० फुटी फ्लेक्सवर ताणले तर एका इंचाला जेमतेम साडेआठ पिक्सेल येतात. आकार वाढवणारे साधन वापरता येते, परंतु ते तपशील स्वतःच्या मनाने भरत असल्यामुळे डोळे आणि नखे मोठी करून तपासल्याशिवाय प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, पाठवू नये. देवाचे नाव आणि मंडळाचा मजकूर तर यंत्राकडून काढून घेऊच नये. त्याची वेलांटी आणि जोडाक्षरे अनेकदा मोडतात, तेव्हा अक्षरे वेगळी टाइप करून चित्रावर बसवावीत.