पारलिंगी व्यक्तीने केस कापून घेताना: काय सांगावे आणि कोणाला सांगावे

सलूनच्या खुर्चीत बसले की पहिला प्रश्न येतो तो "मीडियम ठेवू की बारीक करू?" असा. पार्लरमध्ये तोच प्रश्न "स्टेप कट की यू कट?" असा येतो. दोन्ही ठिकाणी समोरची व्यक्ती पुरुष आहे की स्त्री, हे कारागिराने तोंड उघडण्याआधीच ठरवलेले असते. ट्रान्स स्त्री (जन्मावेळी मुलगा मानली गेलेली) असो, ट्रान्स पुरुष (जन्मावेळी मुलगी मानला गेलेला) असो किंवा स्वतःला या दोन्हींत न मोजणारी, म्हणजे नॉनबायनरी, व्यक्ती असो, हा अंदाज चुकला की वीस मिनिटांचे साधे काम आठवडाभर पुरणारी धास्ती होऊन बसते. मी ट्रान्स पुरुष आहे आणि गेली अकरा वर्षे पुण्यात केस कापून घेतो आहे. त्या अनुभवातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे: आपली ओळख समजावून सांगण्यापेक्षा आपले केस कसे हवेत हे कारागिराच्या भाषेत नेमके सांगता येणे जास्त कामाला येते, आणि दुकान चांगले शोधण्यापेक्षा हात चांगला शोधावा लागतो.

माझे लांब केस मी पहिल्यांदा कापून घेतले ते एका पार्लरमध्ये, आणि तिथे मी "बॉयकट करा" एवढेच म्हणालो. त्या बाईंनी मन लावून काम केले. तरीही आरशात मला दिसली ती केस आखूड केलेली मुलगी, आणि काय चुकले हे मला सांगता येईना. ते कळायला दोन वर्षे गेली. पार्लरमधला बॉयकट हा मुळात स्त्रियांचा कट आहे. त्यात कानापुढचे केस टोकदार, पातळ ठेवतात, मानेवरची कड निमुळती करतात, डोक्याच्या मागच्या बाजूला फुगवटा देतात आणि कपाळावर बट सोडतात. पुरुषांच्या कटमध्ये कल्ले आडवे सरळ कापलेले असतात, मानेवरची कड चौकोनी किंवा मशीनने हळूहळू उतरवलेली असते, कानावरची बाजू सपाट असते आणि कपाळाचे कोपरे उघडे असतात. फरक लांबीत नसून या चार जागांमध्ये आहे. म्हणून ज्यांना केस पुरुषी दिसायला हवेत त्यांनी "बाजूला दोन नंबर मशीन, वर कात्री, कल्ले सरळ, मान चौकोनी" असे सांगावे. ज्यांना आखूड केसांतही स्त्रीपण दिसायला हवे आहे त्यांनी नेमके उलटे सांगावे: कानापुढे मशीन नको, मानेवर निमुळते, वर भरीव, कपाळावर बट. ज्यांना दोन्हींच्या मधले काही हवे आहे त्यांनी या चारांतल्या दोन जागा एका पद्धतीच्या आणि दोन दुसऱ्या पद्धतीच्या घ्याव्यात. माझ्या एका नॉनबायनरी मैत्राने बाजू मशीनने उतरवून पुढची बट हनुवटीपर्यंत ठेवली आहे आणि ती फार शोभून दिसते.

मशीनचा नंबर माहीत असावा. एक नंबर म्हणजे साधारण 3 मिलिमीटर, दोन म्हणजे 6, आणि पुढे प्रत्येक नंबराला साधारण तेवढीच भर पडते. पहिल्या वेळी चारपासून सुरुवात करायला सांगावे, कारण चाराचे दोन करता येतात, दोनाचे चार करता येत नाहीत. कल्ल्यांबद्दल ट्रान्स पुरुषांनी विशेष लक्ष ठेवावे. दाढी आलेली नसली तरी कानापुढे बारीक लव असते, आणि गाल मऊ दिसला की कारागीर सवयीने वस्तरा फिरवून ती काढून टाकतो. ती लव खाली विंचरून कानाच्या मध्यावर सरळ रेषेत कापली की कल्ल्याचा आकार दिसू लागतो. "इथे वस्तरा लावू नका, फक्त कात्रीने सरळ करा" हे वाक्य मी अनेक वर्षे वापरले. एकदा सध्याच्या कारागिराने माझा चेहरा दोन्ही हातांनी हलकेच सरळ धरला, दोन्ही कानांची उंची नजरेने जोखली आणि विचारले, "दादा, कल्ले कुठपर्यंत ठेवू?" त्या दिवसापासून मी दुसरे दुकान शोधलेले नाही.

फोटो न्यावा, पण नीट निवडून न्यावा. आखूड केसांच्या अभिनेत्रीचा फोटो दाखवला तर बॉयकटच मिळेल. पुरुषी कट हवा असेल तर पुरुषाचाच फोटो दाखवावा. फोटोतल्या व्यक्तीच्या केसांचा पोत, दाटपणा आणि कपाळाची रेषा आपल्याशी मिळतीजुळती असावी. समोरचा, बाजूचा आणि मागचा असे तीन फोटो असतील तर बोलणे निम्म्याने कमी होते, आणि ज्यांना खुर्चीत बसून बोलणे अवघड जाते त्यांना याचा मोठा आधार होतो.

केस वाढवणाऱ्या ट्रान्स स्त्रियांची वाट वेगळी असते आणि त्यात संयम लागतो. टाळूचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे दोन इंचांच्या पुरुषी कटपासून हनुवटीपर्यंतच्या बॉबकटला एक ते दीड वर्ष सहज लागते. या मधल्या काळात मागचे केस पुढच्यांपेक्षा आधी खाली उतरतात, मानेवर शेपटी दिसू लागते, आणि अनेकजणी कंटाळून सगळेच कापून टाकतात. त्यावर उपाय असा की दर सहा ते आठ आठवड्यांनी फक्त मानेवरचे केस कमी करून घ्यावेत आणि वरच्या व पुढच्या केसांना अजिबात हात लावू देऊ नये, म्हणजे सगळे केस एका पातळीवर येईपर्यंत डोक्याला आकार राहतो. कपाळाचे कोपरे मागे गेले असतील तर सरळ मधला भांग टाळून बाजूचा भांग पाडावा आणि पुढची बट कानाकडे वळवावी. केस मागे बांधता येऊ लागले की गंगावन लावून अंबाडा किंवा वेणी घालता येते. आपल्याकडे गंगावन कित्येक पिढ्यांपासून घराघरांत वापरले जाते, त्यामुळे ते विकत घेताना कोणाला काही सांगावे लागत नाही. ते आपल्या केसांच्या रंगाला दिवसाच्या उजेडात जुळवून पाहावे. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली रंग फसवतो.

संप्रेरकांचे (हार्मोन्सचे) औषधोपचार चालू असतील तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेणाऱ्यांपैकी ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे कपाळाचे कोपरे उघडे पडू शकतात, तेव्हा त्या रेषेच्या आत वस्तरा मारून "लाइन" काढून घेऊ नये. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे केसगळती मंदावते, पण दाढीचे केस त्याने जात नाहीत. त्यासाठी लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस (विजेने केसाचे मूळ नष्ट करणे) करावे लागते. लेझर केसाच्या मुळातल्या रंगावर काम करते, म्हणून आधीचे काही आठवडे वॅक्सिंग आणि थ्रेडिंग बंद ठेवावे लागते. दाढी मात्र करता येते. बाकीचे त्वचारोगतज्ज्ञांनी सांगावे.

आता कारागीर कसा शोधावा. सर्वांत खात्रीची वाट म्हणजे आपल्यासारख्यांनाच विचारणे. मुंबईत 1994 पासून काम करणारी हमसफर ट्रस्ट किंवा ट्रान्स व्यक्तींनीच उभी केलेली ट्वीट फाउंडेशन अशा संस्थांच्या बैठकांना येणाऱ्यांच्या डोक्याकडे पाहावे आणि ज्यांचे केस आवडतील त्यांना विचारावे. मुंबईत प्रभादेवीला 2023 मध्ये तृतीयपंथी व्यक्तींनी चालवलेले ट्रान्सफॉर्मेशन सलून सुरू झाले, तिथे सर्वांचे केस कापले जातात. परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी स्ट्रँड्स फॉर ट्रान्स आणि कॅनडातून सुरू झालेला ड्रेसकोड प्रोजेक्ट यांच्या याद्या आहेत. त्यांत पारलिंगी ग्राहकांचे स्वागत करणाऱ्या दुकानांची नावे मिळतात. लहान गावात यांपैकी काहीच हाताशी नसते. तिथे मी तालुक्याच्या किंवा शेजारच्या शहराच्या दुकानात जाण्याचा सल्ला देईन, कारण गावातला नाभिक वडिलांच्या ओळखीचा असतो आणि केस घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचते.

दुकान नजरेत भरले की आधी फोन करावा. "माझे केस खांद्यापर्यंत आहेत, मला पुरुषांचा शॉर्ट कट हवा आहे, मी ट्रान्स पुरुष आहे. तुमच्याकडे हे काम कोण चांगले करतात?" एवढे पुरे. "या की, कधी येताय?" असे उत्तर आले तर जावे. पलीकडे हसण्याचा आवाज आला किंवा "मॅडम, इथे फक्त जेन्ट्स" असे ऐकू आले तर पुढच्या नंबरला फोन करावा. फोनवरची अवहेलना खुर्चीतल्या अवहेलनेपेक्षा स्वस्तात सुटते. ओळख उघड करायची नसेल तर फक्त कटचे वर्णन करावे, त्यात खोटे काही नाही. दरही तेव्हाच विचारावा. पुरुषांचा आणि स्त्रियांचा दर वेगळा असतो, आणि आपल्याला केसांच्या लांबीप्रमाणे दर लागेल की आपण कोण दिसतो त्याप्रमाणे, हे आधी ठरलेले बरे.

पहिल्या भेटीत मोठे काम देऊ नये, हा माझा आग्रह आहे. मानेवरची कड साफ करणे, बट कमी करणे, नुसते धुऊन विंचरून घेणे असे छोटे काम द्यावे आणि तो माणूस कसा वागतो ते पाहावे. तो विचारतो का, ऐकतो का, शेजारच्या खुर्चीवरून कोणी टक लावून पाहू लागले तर तो काय करतो, आपण सांगितलेले नाव पुढच्या वाक्यात वापरतो का. त्याला सगळे शब्द माहीत असण्याची गरज नाही. मला भेटलेल्या सर्वांत चांगल्या कारागिरांपैकी एकाला "ट्रान्स" हा शब्दच ठाऊक नव्हता, पण त्याने "तुम्हाला काय म्हणू?" असे सरळ विचारले होते.

वेळही निवडून घ्यावी. आपल्याकडे बरीच सलून सोमवारी बंद असतात आणि रविवारी बाकावर बसायला जागा नसते, म्हणून मंगळवार ते गुरुवार दुपारची वेळ उत्तम. श्रावणात तर अनेक पुरुष केस-दाढी करत नाहीत, दुकाने रिकामी असतात आणि कारागिराला बोलायला सवड असते. जिला केस वाढवायचे आहेत पण घरी अजून सांगता आलेले नाही, तिलाही श्रावण आणि "नवस बोललो आहे" हे कारण काही महिने सांभाळून घेते. घरात मारहाणीची किंवा बाहेर काढले जाण्याची भीती असेल तर परत बदलता येईल असेच काही करावे: भांग बदलावा, वरचे केस लांब ठेवून खालचे मशीनने कमी करून घ्यावेत, म्हणजे पोनी बांधली की दिसते आणि केस सोडले की झाकले जाते.

खुर्चीत बसल्यावर काही गोष्टी हक्काने मागाव्यात. वस्तऱ्यात नवे ब्लेड आपल्यासमोर घालून घ्यावे. हे सर्वांनीच करावे. बेसिनवर मान मागे टाकून केस धुताना ट्रान्स स्त्रीला गळ्याची घाटी दिसण्याची धास्ती वाटते आणि बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) घातलेल्याला छाती दाबल्यासारखी होते, म्हणून केस घरून धुऊन यावेत आणि तिथे फक्त पाणी फवारून घ्यावे. आरशात पाहवत नसेल तर खुर्ची वळवून घ्यावी. काम मनासारखे होत नसेल तर हात वर करून थांबवावे, आणि थांबवताना चुकलेली जागा बोटाने दाखवावी.

एखादे दुकान नकार देईल. त्या वेळी समोरच्याच्या हातात वस्तरा असताना वाद घालू नये, बाहेर पडावे, तारीख व वेळ लिहून ठेवावी. पण हा नकार त्याच्या मर्जीचा प्रश्न नाही, हे आपल्याला माहीत असले पाहिजे. ज्या महाराष्ट्रात दलितांचे केस कापायला नकार दिला जात होता, तिथूनच आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत विचारले गेले की भेदभावाला मनाई करणाऱ्या कलमातल्या "दुकाने" या शब्दात केशकर्तनालय येते का. जो कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो तो त्यात येतो, असे त्यांनी स्पष्ट केले. ते कलम आज 15(2) आहे. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या, पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या नालसा निकालात "लिंग" या शब्दात लिंगभावाची ओळखही धरली, आणि पारलिंगी व्यक्तींसाठीच्या 2019 च्या कायद्याच्या कलम 3 ने सर्वांसाठी खुली असलेली सेवा त्यांना नाकारण्यास मनाई केली. तक्रार करायची की नाही, हे आपली सुरक्षितता पाहून आणि शक्यतो संस्थेच्या मदतीने ठरवावे.

इतिहासात कारागिरांच्या बाजूचेही एक पान आहे. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करायचे नाही असे ठरवले. इच्छेविरुद्ध कोणाच्या केसांना हात लावायचा नाही, हा निर्णय या व्यवसायातल्या माणसांनी घेतला होता. एखाद्या दुकानदाराला मी ही गोष्ट सांगतो, तेव्हा तो बहुधा हातातले काम थांबवून ऐकतो.

मनासारखा कट मिळाला की त्याच दिवशी चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि मशीनचे नंबर, कल्ल्यांची जागा, मानेची कड हे सगळे फोनमध्ये लिहून ठेवावे, म्हणजे तो कारागीर गावी गेला तरी दुसऱ्याला दाखवता येते. मशीनने उतरवलेल्या बाजू तीन आठवड्यांत भरून येतात, तेव्हा पुढची वेळ निघतानाच ठरवावी. आणि आपल्या ओळखीतल्या कोणाला त्याचा नंबर द्यायचा असेल तर आधी त्याला विचारावे, कोणत्या दिवशी दुकानात गर्दी नसते तेही विचारावे, आणि नंबरासोबत तो दिवसही कळवावा.